पाय कोरडे पडून खाजतात तेव्हा घरी काय करावे

मुंबईत वर्षातले बरेचसे महिने घाम पुसण्यात जातात, त्यामुळे या शहरात कोणाची त्वचा कोरडी पडते हे बाहेरगावच्या माणसाला चटकन पटत नाही. तरीही डिसेंबर उजाडला की समुद्राऐवजी जमिनीवरून येणारे पूर्वेचे आणि ईशान्येचे वारे वाहू लागतात, दुपारची आर्द्रता उतरते, आणि नडग्या पांढरट दिसू लागतात. काळा मोजा उलटा करून झटकला की आतून बारीक भुगा पडतो, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांना खाज सुटते. ज्यांचा दिवस वातानुकूलित कार्यालयात जातो, त्यांना हा त्रास मे महिन्यातही होऊ शकतो.

अशा वेळी बहुतेक घरांत आधी नवी बाटली आणली जाते, मग ती तेलाची असो वा क्रीमची. वास्तविक आधी बदलायला हवी ती आंघोळ. कोरडी त्वचा म्हणजे मुख्यतः पाणी टिकवून न धरू शकणारी त्वचा. तेल किंवा मलम तिला पाणी देत नाही, आहे ते पाणी उडून जाण्यापासून अडवते. एवढी गोष्ट लक्षात घेतली की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम आपोआप समजतो.

पाय कोरडे का पडतात

त्वचेचा सर्वांत वरचा थर भिंतीसारखा असतो: मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हे सिमेंट. हे सिमेंट शाबूत असेल तोवर आतले पाणी आत राहते आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू बाहेर राहतात. चेहऱ्यावर आणि डोक्यावर तैलग्रंथी भरपूर असतात, पण नडगीवर त्या फारच कमी असल्यामुळे या भिंतीवरचा तेलाचा लेप तिथे मुळातच पातळ असतो. वय वाढते तसा हा लेप आणि सिमेंटही कमी होत जाते, म्हणूनच साठी ओलांडलेल्या माणसांत ही तक्रार अतिशय सर्रास आढळते.

या पातळ भिंतीवर रोजचे घाव पडतात ते कढत पाण्याचे आणि साबणाचे. नेहमीचा आंघोळीचा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू साधारण 9 ते 10 असतो, तर निरोगी त्वचेचा सामू 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. साबणाने मळ निघतो तसे हे स्निग्ध पदार्थही निघून जातात. त्यात गिझरचे वाफाळते पाणी आणि प्लास्टिकची खरखरीत घासणी यांची भर पडली की ‘स्वच्छ’ झालेला पाय प्रत्यक्षात उघडा पडलेला असतो.

पाण्याचा उगमही पाहावा. मुंबई महापालिकेचे पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांतून येते आणि साधारणपणे मृदू असते. मात्र ज्या सोसायट्यांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी टाकीत मिसळले जाते, तिथे ते जड असू शकते. जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो, म्हणून तो जास्त चोळला जातो, आणि त्याचा चिकट थर त्वचेवरच राहतो. बादलीच्या आणि नळाच्या कडेला पांढरे खरखरीत पुट चढत असेल, तर आपले पाणी जड आहे असे समजावे.

पहिली पायरी: पाय उजेडात नीट पाहा

खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बसावे आणि गुडघ्यापासून बोटांपर्यंत दोन्ही पाय पाहावेत. नखाने हलकीशी रेघ ओढल्यावर पांढरा ओरखडा उमटत असेल, दोन्ही नडग्यांवर सारखाच बारीक कोंडा दिसत असेल, आणि लालसर पुरळ, पाणी येणे, सूज यांपैकी काही नसेल, तर हा साधा कोरडेपणा असण्याची शक्यता मोठी आहे. कोरड्या नदीपात्रातल्या चिखलाप्रमाणे चकत्याचकत्यांनी त्वचा उलली असेल आणि भेगांच्या कडा लाल असतील, तर कोरडेपणा इसबापर्यंत पोचला आहे असे धरून चालावे.

काही खुणा मात्र वेगळेच काही सांगतात. गोल चट्टा, त्याची कडा उठलेली व लाल आणि मधला भाग स्वच्छ, असे दिसले तर तो बहुधा गजकर्ण किंवा नायटा असतो. त्यावर तेल चोळण्यात अर्थ नसतो, उलट ओलसर हवेत बुरशीला ते सोयीचे होते. खाज रात्री अनावर होत असेल, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुळ्या असतील आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही तसेच होत असेल, तर खरजेचा संशय घ्यावा. तिचा उपचार घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी करावा लागतो. चपलेच्या पट्ट्याच्या किंवा मोज्याच्या इलॅस्टिकच्या आकारातच पुरळ उठले असेल, तर रबर, चामड्यावरची रसायने किंवा धातूचे बक्कल यांची ॲलर्जी असू शकते. लहानपणापासूनच पायांवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असेल आणि ती दर थंडीत वाढत असेल, घरात आणखी कोणाला तशीच असेल, तर ती आनुवंशिक ठेवण असते. तिच्यावर खालचे उपाय लागू पडतात, पण ते कायम चालू ठेवावे लागतात.

दुसरी पायरी: आंघोळ बदला

सर्वाधिक फरक या पायरीने पडतो आणि तिला खर्च शून्य येतो, तरीही ती सर्वांत कमी पाळली जाते. पाणी कोमट असावे; हाताच्या मनगटावर ओतले असता गरम न वाटता सुखद वाटले की ते पुरेसे. एक बादली आणि पाच ते दहा मिनिटे यांत आंघोळ उरकावी. खाजणाऱ्या पायांवर कढत पाण्याचे तांबे ओतल्याने त्या क्षणी फार बरे वाटते हे खरे आहे, कारण उष्णतेची जाणीव खाजेच्या जाणिवेवर काही काळ मात करते. पण त्यामुळे त्वचा आणखी कोरडी होते आणि तासाभरात खाज वाढून परत येते.

साबण काखा, जांघा आणि तळपाय यांपुरताच ठेवावा. नडग्या आणि पोटऱ्या यांना रोज साबण लावण्याची गरज नसते. वरून वाहून येणारे पाणी त्यांना पुरते. लोकलच्या गर्दीतून किंवा धुळीतून आल्यावर पाय धुवायचेच असतील, तर सौम्य, साबणविरहित क्लीन्झर किंवा त्याची वडी वापरावी. जंतुनाशक द्रावणाचे झाकणभर थेंब बादलीत घालण्याची सवय अनेक घरांत आहे; निरोगी माणसाला त्याची आवश्यकता नसते आणि कोरड्या त्वचेला ते झोंबते. घासणी, काथ्या आणि वजरी नडगीपासून लांब ठेवावी. वजरी जाड झालेल्या टाचांसाठी आहे, आणि मधुमेह असलेल्यांनी ती टाचांवरही वापरू नये.

आंघोळ झाली की पाय पंचाने किंवा मऊ टॉवेलने टिपावेत, खसाखसा पुसू नयेत. त्वचा पूर्ण कोरडी होऊ न देता किंचित दमट ठेवावी.

तिसरी पायरी: दमट पायांवरच तेल किंवा मलम

आंघोळीनंतर साधारण तीन मिनिटांच्या आत, न्हाणीघरातून बाहेर पडता पडताच, लावायचे ते लावून टाकावे. दिवाळीतल्या अभ्यंगाप्रमाणे आधी तेल लावून नंतर उटण्याने आणि साबणाने ते काढून टाकणे हा सणाचा आनंद झाला. कोरडेपणावर उपाय म्हणून तेल आंघोळीनंतर लागायला हवे. आधीचे सोडवत नसेल तर सोडू नये, पण त्यानंतर पायांना साबण लावू नये.

घरात असलेल्या वस्तूंपैकी खोबरेल तेल हा उत्तम पर्याय आहे. साध्या कोरडेपणात ते चांगला गुण देते आणि मुंबईच्या हवेत फार जडही वाटत नाही. खाण्यासाठी असते तसे साधे, सुगंध न घातलेले तेल घ्यावे. केसांसाठीच्या सुगंधी तेलातला वास हाच पुष्कळदा ॲलर्जीचे कारण ठरतो. जानेवारीतल्या पहाटे बाटलीत तेल थिजलेले आढळले तर ते गरम करण्याची आवश्यकता नाही. तळहातावर घेताच ते वितळते. मोहरीचे तेल काही जणांच्या त्वचेला झोंबते. ऑलिव्ह तेल महाग असूनही या कामासाठी योग्य नाही, कारण त्वचेचे सिमेंट त्याने सैल होऊ शकते.

उललेल्या, खरखरीत नडग्यांना पेट्रोलियम जेली अधिक उपयोगी पडते. पाणी अडवण्याच्या कामात तिच्या तोडीचे घरगुती काही नाही, ती स्वस्त आहे, तिला वास नसतो आणि तिची ॲलर्जी क्वचितच होते. ती चिकट आहे ही तक्रार खरी आहे. म्हणून दिवसा खोबरेल तेल किंवा क्रीम आणि रात्री जेली, वर जुना सुती पायजमा, अशी विभागणी करावी. ग्लिसरीन वापरायचे असेल तर एक भाग ग्लिसरिनात दोन-तीन भाग पाणी किंवा गुलाबपाणी मिसळून लावावे आणि त्यावर तेलाचा हात फिरवावा. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पण वातानुकूलित कोरड्या हवेत त्याला वरून आच्छादन लागते.

प्रमाणाच्या बाबतीत बहुतेक लोक हात आखडता घेतात. गुडघ्यापासून खाली दोन्ही पायांना एका वेळी चहाचा एक चमचा भरेल एवढे क्रीम लागते. दिवसातून दोनदा लावायचे तर 100 ग्रॅमची ट्यूब दहाएक दिवसांत संपली पाहिजे. ती तीन महिने पुरत असेल तर क्रीम निकामी आहे असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यामुळे सुंदर वेष्टणातल्या छोट्या बाटलीपेक्षा मोठा, साधा, बिनवासाचा डबा घ्यावा. जाहिरातीत ‘नैसर्गिक’ हा शब्द किती वेळा येतो यावर त्वचेचे काही अवलंबून नसते.

लावताना केसांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, हलका हात फिरवावा. उलट्या दिशेने जोराने चोळल्यास केसांच्या मुळांत तेल अडकून पुळ्या येतात, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात हे हमखास घडते. त्या दिवसांत पातळ लोशन वापरावे. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्याच ठेवाव्यात. तेल लावलेल्या पायांनी फरशीवर चालू नये, विशेषतः घरातल्या आजी-आजोबांनी तेल खुर्चीत बसून लावावे आणि ते मुरेपर्यंत तिथेच बसावे. खाजेवरचा उपाय मांडीच्या हाडावर बेतायला नको. जेली किंवा तेल मुरलेले कपडे सहज पेट घेतात, म्हणून गॅस, समई आणि विडी-सिगारेट यांपासून ते दूर ठेवावेत.

औषधाच्या दुकानात मिळणारी 10 टक्के युरिया असलेली क्रीम जाड, खवलेदार कोरडेपणावर चांगली लागू पडतात. मात्र भेगा पडलेल्या किंवा खाजवून सोललेल्या जागी ती झोंबतात; आधी चार-पाच दिवस जेली लावून भेगा मिटू द्याव्यात. लहान मुलांना ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत.

चौथी पायरी: खाज शमवणे

खाजवल्याने त्वचेची भिंत आणखी मोडते, मोडलेल्या भिंतीला आणखी खाज सुटते, आणि काही महिन्यांत नडगीवर काळपट, जाडसर, दाणेदार पट्टे तयार होतात. ते जायला वर्षही लागू शकते. म्हणून नखे कापलेली ठेवावीत, आणि खाज आली की नखांऐवजी तळहाताने दाबावे किंवा थंड पाण्यात पिळलेला सुती रुमाल पाचएक मिनिटे ठेवावा. बर्फ थेट लावू नये. क्रीमची ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली तर तिचा गारवाही उपयोगी पडतो.

ओट्सचा उपायही करून पाहावा. साधे, बिनमसाल्याचे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे दळून घ्यावेत, त्यातले दोन-तीन मोठे चमचे मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करावी आणि ती कोमट पाण्याच्या अर्ध्या बादलीत दहा मिनिटे टाकावी. पाणी दुधाळ झाले की पुरचुंडी पायांवर हलकेच दाबत ते पाणी ओतावे आणि लगेच टिपून तेल लावावे. मुंबईतल्या घरांत टब नसतो, पण बादलीने काम भागते. या पाण्याने फरशीही बुळबुळीत होते, हे विसरू नये.

लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, मीठ, व्हिनेगर, लसणाचा लेप आणि मुलतानी माती यांपैकी कशानेही कोरडी त्वचा बरी होत नाही. बहुतेकांनी ती भाजल्यासारखी होते किंवा आणखी सुकते. कॅलामाइन लोशन डासांच्या चाव्यांवर ठीक असले तरी रोज लावल्यास पाय कोरडे करते. कोरफडीचा ताजा गर लावायचा असेल तर पान कापून त्यातला पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्यावा, कारण त्याने पुरळ येऊ शकते.

दुकानदाराने सुचवलेल्या, खाज ‘एका दिवसात’ घालवणाऱ्या ट्यूबपासून विशेष सावध राहावे. अशा अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतात. त्यांनी खाज दबते, त्वचा पातळ होते, आणि नायटा असेल तर तो आकार बदलून पसरतो व मग उपचारांना दाद देईनासा होतो. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. इसबावर ते फार गुणकारी असते, पण कोणते, कुठे आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

इतर लहानसहान गोष्टी

वातानुकूलन यंत्राचा झोत थेट पायांवर येऊ देऊ नये आणि तापमान 25-26 अंशांवर ठेवावे. घट्ट लेगिंग्ज आणि लोकरी कापड यांऐवजी सैल सुती कपडे वापरावेत. वॉशिंग मशीनमध्ये एकदा जास्तीचे खळबळून घेतले की कपड्यांत पावडरीचा अंश राहत नाही. दाढीच्या ब्लेडने पायांचे केस काढणाऱ्यांनी ते आंघोळीच्या शेवटी, केसांच्या दिशेने काढावेत, आणि त्या दिवशी युरियाचे क्रीम लावू नये. पाणी भरपूर प्यावे, पण आधीच पुरेसे पाणी पिणाऱ्या माणसाचे पाय आणखी चार पेले प्यायल्याने मऊ होत नाहीत.

पावसाळ्याचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. तेव्हा कोरडेपणा कमी होतो, पण आधीच्या खाजवण्याच्या जखमा शिल्लक असतात, आणि तुंबलेल्या पाण्यातून चालताना लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमांतून शरीरात शिरतात. पायांवर ओरखडे असतील तर साचलेल्या पाण्यात शक्यतो उतरू नये; उतरावे लागलेच तर गमबूट घालावेत, घरी येताच पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत, आणि प्रतिबंधक गोळी घ्यावी का हे जवळच्या दवाखान्यात विचारावे. त्या दिवशी साबणाचा नियम मोडला तरी चालेल.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

वरील काळजी दोन आठवडे नेटाने घेऊनही फरक पडला नाही, किंवा खाजेने झोपमोड होत राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पाय एका बाजूने लाल, गरम, दुखरा व सुजलेला झाला, ताप आला किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी जावे.

अंगावर पुरळ नसताना सर्वांगाला खाज येत असेल, तर कारण त्वचेच्या बाहेरही असू शकते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे विकार आणि लोहाची कमतरता ही त्यांतली नेहमीची कारणे आहेत, आणि ती साध्या रक्ततपासण्यांतून कळतात. मधुमेहींच्या पायांना घाम कमी येतो आणि संवेदनाही मंदावते, त्यामुळे त्यांनी पाय रोज पाहावेत आणि लहानशी भेगही दुर्लक्षू नये. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही त्वचा कोरडी पडू शकते. तशी शंका आली तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांच्या, म्हणजे वाहतूक पोलीस, दुकानातले विक्रेते, शिक्षक अशांच्या, घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी काळपट डाग पडून खाज येत असेल, संध्याकाळी सूज चढत असेल आणि फुगलेल्या शिरा दिसत असतील, तर मूळ दोष शिरांमध्ये असतो. तेथे जोराने मालीश करू नये, आणि दाबाचे मोजे तपासणीशिवाय घालू नयेत. त्याचप्रमाणे फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श, गरम-गार कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी यंत्रणेत त्याचे औषध विनामूल्य मिळते, म्हणून लाजेखातर वेळ दवडू नये.

खासगी तपासणीचा खर्च परवडत नसेल तर महापालिकेच्या केईएम, सायन आणि नायर या रुग्णालयांत, तसेच राज्य शासनाच्या जे. जे. रुग्णालयात त्वचारोगाचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. नोंदणीची रांग सकाळीच लागत असल्याने लवकर पोचावे. त्या दिवशी पायांना काहीही लावू नये, म्हणजे त्वचा आहे तशी दिसेल. आणि आतापर्यंत वापरलेली सगळी तेले, ट्यूब, चालू असलेल्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात, अर्धी संपलेली आणि नाव पुसट झालेली ट्यूबसुद्धा.